परटाची भट्टी, लोणारचा खार आणि सनलाइटची वडी

खामगाव हे वऱ्हाडातले कापसाचे गाव. तिथला कापूसबाजार १८२०च्या सुमारास भरू लागला. १८५३मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. पुढे १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि खामगावच्या गाठींना सोन्याचा भाव आला. १८७०मध्ये जलंब ते खामगाव हा रेल्वेचा छोटा फाटा सुरू झाला. त्याच्या उद्‌घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. १९०१च्या जनगणनेत गावाची वस्ती १८,३४१ भरली. कापूस, सरकी, अडते, गिरण्यांची धुराडी यांचा इतिहास बराच लिहिला गेला आहे. त्या कापसाचे कापड माणसाच्या अंगावर चढल्यानंतर ते कोणी, कशाने आणि कसे धुतले, याचा इतिहास मात्र कोणी एकत्र मांडला नाही. खामगाव आणि त्याच्या भोवतालचा पायनघाट, म्हणजे घाटाखालचा सपाट मुलूख, त्यासाठी फार चांगला नमुना आहे, कारण धुण्याला लागणारे जवळजवळ सगळे या मुलखातच मिळत होते आणि ते कसे मागे पडले हेही इथे स्पष्ट दिसते.

सुरुवात पाण्यापासून करावी लागते. खामगावच्या उत्तरेला पूर्णा नदीचे खोरे आहे आणि त्यातला मोठा भाग खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. तिथल्या विहिरींना खारे पाणी लागते. घाटाच्या बाजूला, काळ्या पाषाणात खोदलेल्या विहिरींचे पाणी गोड असले तरी जड असते, त्यात चुन्याचे क्षार असतात. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही. साबणाचा चुन्याशी संयोग होऊन पांढरट चिकट साका तयार होतो आणि तो कापडाच्या धाग्यात बसतो. म्हणूनच या भागात साबण येण्याआधीची धुण्याची पद्धत मागासलेली होती असे म्हणणे चुकीचे ठरेल. ती पाण्याला ओळखून बसवलेली होती. रिठ्यातल्या फेसाळ द्रव्यावर जड पाण्याचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून रेशमी आणि लोकरी वस्त्रांना रिठा. सुती कपड्यांना खार, कारण खार पाण्यातला चुना खाली बसवतो, पाणी हलके करतो आणि शिवाय तेलकट मळ सोडवतो. गरिबाघरी हेच काम चुलीतली राख करी. राख रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी वरचे निवळ पाणी ओतून घ्यायचे आणि त्यात कपडे घालायचे.

खाराचा सगळ्यात मोठा साठा याच बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर, लोणारच्या सरोवरात होता. उल्कापाताने झालेल्या त्या विवरातले पाणी उन्हाळ्यात आटले की काठावर खाराचे थर उघडे पडत. ते गोळा करण्याचा हंगाम चैत्र-वैशाखातला. खाराच्या प्रती होत्या आणि प्रत्येकीला नाव होते: डल्ला, निमक-डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. मुख्यतः सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेट, सोबत कमीअधिक मीठ, अशी त्यांची घडण. काही प्रत बांगड्यांच्या काचेला जाई, काही रंगाऱ्यांना, काही पापडाला, काही साबणाला आणि धुण्याला. ‘ऐन-ए-अकबरी’मध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीस लोणारचा उल्लेख आला आहे तोही काच आणि साबण यांना लागणारे द्रव्य इथे मिळते असाच. म्हणजे साबण ही चीज इंग्रजांनी या मुलखात आणलेली नाही. गावठी साबण करणारे साबणगर होतेच. खाराच्या पाण्यात चुन्याची निवळी मिसळली की चुनखडी खाली बसते आणि वर दाहक क्षाराचे पाणी राहते. ते तेलात आटवले की साबण होतो. तेल स्थानिक घाण्याचे, जे स्वस्त पडेल ते. हा साबण मऊ, काळपट आणि उग्र वासाचा असे. त्यात न मुरलेला क्षार राहून जाई, त्यामुळे तो हाताला चरचरे. तरीही मळ काढण्यात तो कमी नव्हता.

हे सगळे ज्ञान ज्याच्या हातात एकवटले होते तो म्हणजे परीट. वऱ्हाडात त्याला वरठी असेही म्हणतात आणि बाजारगावात धोबी. बारा बलुतेदारांत त्याचे स्थान होते. वर्षभर कुणब्याचे कपडे धुवायचे आणि सुगीत खळ्यावर जाऊन ज्वारीचा वाटा घ्यायचा, असा तो व्यवहार. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५च्या ‘गाव-गाडा’त या देण्याघेण्याचे बारकावे आले आहेत. लग्नात वऱ्हाडापुढे पायघड्या घालणे हे परटाचे मानाचे काम. बाळंतिणीचे आणि सुतकातले कपडे धुणे हेही त्याचेच काम, पण त्याला मान नव्हता. ज्याच्या हातून सगळ्या गावाची वस्त्रे स्वच्छ होत, त्यालाच गाव अपवित्र मानत असे. सोवळे पाळणाऱ्या घरांत परटाकडून आलेले धोतर पुन्हा घरच्या पाण्यातून काढल्याशिवाय पूजेला चालत नसे. ही वागणूक अन्यायाची होती आणि तिची नोंद धुण्याच्या इतिहासात व्हायलाच हवी. याच परीट समाजात, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव इथे, २३ फेब्रुवारी १८७६ रोजी डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. गाडगे महाराज म्हणून पुढे साऱ्या महाराष्ट्राने त्यांना ओळखले. हातात खराटा घेऊन गावेच्या गावे झाडणाऱ्या या संताने ऋणमोचन इथे पूर्णेवर घाट बांधवला.

परटाची भट्टी हे एक नीट विचार करून उभारलेले यंत्रच होते, फक्त त्यात एकही चाक नव्हते. मोठ्या चुलाण्यावर पाण्याचे मडके किंवा तांब्याचे भांडे बसवायचे. कपडे आधी खाराच्या पाण्यात बुडवून, काही ठिकाणी त्यात मेंढ्यांच्या लेंड्याही कालवून, हलके पिळून ठेवायचे. मग भांड्याच्या तोंडाभोवती त्यांची उतरंड रचायची, सगळ्यात मळके तळाशी, नाजूक वर, आणि वरून जाडेभरडे कापड झाकायचे. खाली पऱ्हाट्या आणि तुराट्या जाळायच्या. वाफ रात्रभर कपड्यांच्या थरांतून वर चढत राही. खार, उष्णता आणि ओल यांचा एकत्र परिणाम होऊन तेल आणि घामाचा थर सैल पडे. कपडे पाण्यात बुडवून उकळण्यापेक्षा या पद्धतीला पाणी कितीतरी कमी लागे आणि पाण्याची ओढ असलेल्या मुलखात हा फार मोठा फायदा होता. पऱ्हाटी हे तर कापूस निघून गेल्यावर शेतात उरणारे फुकटचे जळण. पहाटे गाठोडी गाढवावर लादून घाटावर न्यायची, दगडावर आपटायची, खंगाळायची आणि ओल्याच कपड्यांना गवतावर किंवा वाळूत ऊन द्यायचे. ओल्या सुती कापडावर कडक ऊन पडले की पिवळेपणा फिका होतो, हे परटाला रसायनशास्त्राच्या पुस्तकाशिवाय माहीत होते. हळदीचा डागही असाच. खार किंवा साबण लागला की तो लालभडक होतो, अननुभवी माणूस घाबरतो. परीट त्याला निमूट उन्हात टाकतो आणि डाग उडून जातो.

या कामात कपड्याचे हाल होत हे खरे. दगडावर आपटून शिवणी उसवत, गुंड्या फुटत. साहेबलोकांनी आणि मडमांनी त्याबद्दल भरपूर तक्रारी लिहून ठेवल्या आहेत. पण ज्या कपड्यांसाठी ही पद्धत घडली, ती धोतरे, लुगडी, पागोटी होती. त्यांना ना शिवण ना गुंडी, फक्त सरळ विणलेला लांब पट्टा. शिवलेले कपडे आल्यावर पद्धत आणि कापड यांची गाठ चुकली. दोष एकट्या परटाचा नव्हता.

शेकडो घरांचे कपडे एका भट्टीत जात आणि तरीही ज्याचे त्याला परत मिळत, ते बिब्ब्यामुळे. बिब्ब्याच्या फळाच्या सालीतला काळा रस सुईच्या किंवा काडीच्या टोकाने कापडाच्या कोपऱ्यावर लावायचा, वर चुना टेकवायचा. ही खूण खाराने जात नाही, वाफेने जात नाही, कापड फाटेपर्यंत टिकते. प्रत्येक घराची खूण वेगळी: दोन ठिपके आणि रेघ, एक फुली, एक अर्धवर्तुळ. लिहिता न येणाऱ्या माणसांनी बांधलेली ही नोंदवही होती आणि तिच्यात चूक क्वचित होई. बिब्बा कातडीला उततो. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर पुरळ उठू लागले, तेव्हा डॉक्टरांनी त्याचे मूळ गणवेशावरच्या याच खुणांत शोधून काढले.

परटामागे गावातले इतर कारागीर उभे होते. धुण्याचा दगड पाथरवट टाकीने घडवी, एका अंगाला किंचित उतरता, म्हणजे पाणी साचणार नाही. धोपाटणे सुताराचे. मडकी आणि रांजण कुंभाराचे. गाठोड्यांबरोबर लागणाऱ्या टोपल्या बुरडाच्या. तांबट घंगाळे आणि बंब घडवी आणि कलईवाला नवसागर टाकून, कथलाचा हात फिरवून भांडी उजळून देई. बंब हे घरगुती सोयीचे फार मोठे साधन ठरले. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी, बाजूला तोटी, यामुळे थोड्या जळणात दोन-तीन बादल्या कढत पाणी सकाळभर मिळू लागले. ते मुळात आंघोळीसाठी असले तरी उरलेले पाणी धुण्याकडे वळणे साहजिक होते.

रेल्वे आली आणि या साखळीत बाहेरच्या वस्तू शिरू लागल्या. त्यांतली सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत उपयोगी म्हणजे रॉकेलचा डबा. परदेशी रॉकेल चार गॅलनच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यांतून येई. रॉकेल संपले की डबा उरे. बाजारातला पत्र्याचे काम करणारा कारागीर त्याचे झाकण कापून, कड दुमडून, आडवी लाकडी दांडी ठोकून देई आणि कपडे उकळण्याचे भांडे तयार होई. तांब्याचे भांडे ज्यांना कधीच परवडले नसते अशा घरांत पहिल्यांदा उकळते पाणी धुण्याला मिळाले ते या डब्यातून. डबा गंजला की पांढऱ्या कपड्यांवर तांबूस डाग पडत. त्यावर लिंबू आणि मीठ चोळून कापड उन्हात ठेवायचे, हा उपाय घरोघरी रुळला. १८९६नंतरच्या प्लेगच्या साथीत कपडे उकळण्याला आणि उन्हात टाकण्याला सरकारी आग्रहाचीही जोड मिळाली.

जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी बादली ही दुसरी वस्तू. घागर डोक्यावरून आणायची, तिच्यात कपडे बुडवता येत नाहीत. बादलीत पाणी ओढताही येते आणि कपडे भिजवताही येतात. ओतीव लोखंडाची कप्पी आणि बादली मिळाल्यावर धुणे नदीवरून विहिरीच्या थारोळ्याशी आले आणि पुढे नळ आल्यावर न्हाणीत. हा बदल लहान दिसतो, पण धुण्याची जागा बदलली की ते कोण करणार हेही बदलते.

मग साबणाची वडी. इंग्लंडमधल्या विल्यम लिव्हर यांनी १८८४मध्ये ‘सनलाइट’ हे नाव नोंदवले आणि १८८८मध्ये त्याच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. लांबलचक कांबीतून कापून तोलून विकण्याच्या साबणाऐवजी ठराविक मापाची, कागदात गुंडाळलेली, नाव छापलेली वडी ही त्यातली नवलाई. या साबणाच्या मूळ कृतीत खोबरेल जातीच्या तेलांबरोबर सरकीचे तेलही होते. वऱ्हाडात सरकी बैलांना आणि म्हशींना चारली जात होती, त्याच सुमारास विलायतेत तिच्या तेलाचा साबण होऊन तो आगगाडीने परत येत होता. साम्राज्याच्या व्यापाराची रीत या एका वडीत पुरती दिसते.

विलायती साबणात जनावराची चरबी असते, ही शंका घराघरांत होती आणि ती निराधार नव्हती, सनलाइटमध्येही चरबीचा अंश असे. त्यामुळे अनेक घरांनी रिठा आणि खार सोडला नाही. स्वदेशीच्या चळवळीनंतर देशी साबणाचे कारखाने निघाले. १९१८च्या सुमारास गोदरेजने चरबी न वापरता वनस्पती तेलांपासून साबण बाजारात आणला. टाटा ऑइल मिल्स १९१७मध्ये स्थापन झाली आणि तिचा ५०१ बार पुढे घरोघरी पोहोचला. लिव्हरने १९३३मध्ये हिंदुस्थानात कंपनी काढली आणि पुढच्या वर्षी मुंबईत शिवडीला कारखाना सुरू केला. तिथून साबण कापसाच्या गावांतल्या प्रत्येक किराणा दुकानात गेला.

साबणापेक्षाही खोल परिणाम धुण्याच्या सोड्याने केला. ब्रुनर माँड या १८७३मध्ये स्थापन झालेल्या इंग्रज कंपनीचा चंद्रकोर छापाचा सोडा गोणीगोणीने येऊ लागला. तो पांढराशुभ्र, एकसारखा आणि भरवशाचा. लोणारच्या खारात माती, मीठ, प्रतींची सरमिसळ, शिवाय घाटाच्या बैलगाडी-वाटेचा खर्च. लोणार आणि लिव्हरपूल यांच्यात अंतराची तुलना केली तर लोणार जिंकायला हवे होते. पण बोटीचे आणि आगगाडीचे भाडे बैलगाडीपेक्षा स्वस्त पडत होते आणि लोणारला रेल्वे नव्हती. भूगर्भशास्त्रज्ञ ला टूश आणि ख्रिस्ती यांनी १९१२मध्ये लोणारवर सविस्तर लेख प्रसिद्ध केला तोवर हा खार बाजारातून मागे हटत चालला होता. देशी सोडा मोठ्या प्रमाणावर निघाला तो थेट १९३९नंतर, काठियावाडात मिठापूर इथे, समुद्राच्या मिठापासून.

निळीचाही असाच पालट झाला. कपडा पिवळट दिसू नये म्हणून शेवटच्या पाण्यात झाडाच्या निळीचा थेंब टाकीत. १८२८मध्ये फ्रान्समध्ये चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा भाजून कृत्रिम निळे चूर्ण करण्याची कृती सापडली आणि इंग्लंडमधल्या हल शहरच्या रेकिट कंपनीने त्याच्या पुड्या जगभर विकल्या. ही नीळ धाग्याला रंगवत नाही, बारीक कणांनी त्याच्यावर बसते आणि पुढच्या धुण्यात निघून जाते. त्यामुळे हात चुकला तरी कपडा वाया जात नाही. घरातल्या नवख्या पोरीलाही ती वापरता येऊ लागली. तांदळाची पेज किंवा गव्हाच्या सत्त्वाची खळ मात्र घरचीच राहिली, तिला बाहेरच्या मालाने हटवले नाही.

इस्त्रीची गोष्ट थोडी वेगळी आहे. साध्या घरात कपडा घडी करून गादीखाली ठेवीत, फार झाले तर तांब्यात निखारे भरून तो कपड्यावरून फिरवीत. धोतराला आणि लुगड्याला याहून जास्त लागत नव्हते. कोट, सदरा आणि विजार आल्यावर लोखंडी किंवा पितळी कोळशाच्या इस्त्रीची गरज उभी राहिली. बिजागरीचे झाकण, कडेने हवेची भोके, आत बाभळीच्या लाकडाचा कोळसा, वर लाकडी मूठ. ती विलायती नमुन्यावरून आली, पण लवकरच इथल्या ओतकाम करणाऱ्यांनी उचलली. मूठ सुतार बदलून देई, बिजागरी लोहार. जड इस्त्री ओल्या कापडावर नुसत्या वजनाने चुण्या मोडते, म्हणून परटाने नेहमी जडच पसंत केली. तिच्यातली राख मधूनमधून फुंकून काढताना एक ठिणगी उडाली की साहेबाचा सदरा गेला, त्यामुळे ती फुंकण्याचीही रीत शिकावी लागे.

कचेरीतले कारकून, वकील, शाळामास्तर, स्टेशनमास्तर, परदेशी कापूस कंपन्यांचे गुमास्ते हे या इस्त्रीचे गिऱ्हाईक. ते धान्य देत नसत, पैसे देत. दरमहा ठरलेली धुणावळ किंवा नगावर हिशेब. बाजारगावातला परीट अशा रीतीने बलुत्यातून रोख व्यवहारात आला आणि काहींनी पुढे लाँड्रीची पाटी लावली. खेड्यातल्या परटाला ही वाट नव्हती. गिरणीचे कापड स्वस्त झाले होते. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७च्या पहिल्या दिवशी सुरू झाली होती आणि विलायती कापड तर आधीपासूनच येत होते. माणशी कपड्यांची संख्या वाढली, धुणे वाढले, पण खळ्यावरचा वाटा वाढला नाही. शेतकऱ्याच्या हाती साबणाची वडी आल्यावर तो वाटा देणेही त्याला जड वाटू लागले.

या सगळ्या सुधारणांचा भार शेवटी घरातल्या बाईवर पडला, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. साबण, सोडा, बादली, निळीची पुडी यांपैकी प्रत्येक वस्तूने धुण्याचे एक कौशल्य परटाकडून काढून घरात आणले. कामाचा वेळ त्यामुळे वाचला, पण तो परटाचा. पूर्वी पंधरवड्याने भट्टीला जाणारे कपडे आता रोज न्हाणीत पडू लागले, कारण धुणे शक्य झाले की ते रोज व्हावे अशी अपेक्षाही तयार होते. वऱ्हाडात तर कापूसवेचणीच्या हंगामात बाई दिवसभर शेतात असते. काळ्या मातीचा चिखल लुगड्याच्या काठात बसतो. तो ओला असताना चोळला तर आणखी आत जातो, म्हणून आधी वाळू द्यायचा, झटकायचा आणि मगच भिजवायचा. हे सगळे तिने शेतातून आल्यावर, स्वयंपाकाच्या आधी किंवा पहाटे अंधारात करायचे. युरोप-अमेरिकेत त्याच काळात पिळण्याची रुळे आणि हाताने फिरवायची धुलाई यंत्रे घरांत शिरत होती. खामगावसारख्या गावात ती आली नाहीत, कारण ज्यांना परवडली असती त्यांच्याकडे मोलकरीण होती आणि जिच्या हातांना त्यांची गरज होती तिच्याकडे पैसा नव्हता.

स्वातंत्र्यानंतर धुण्याची पूड आली, मग विजेची इस्त्री, मग यंत्र. भट्ट्या विझल्या, गाढवे गेली. बिब्ब्याची जागा कापडी पट्टीने आणि शाईने घेतली. वऱ्हाडातल्या बहुतेक परीट कुटुंबांकडे व्यवसायातले उरले ते मुख्यतः इस्त्रीचे काम, म्हणजे नेमके तेच, जे वसाहतकाळात सर्वांत शेवटी त्यांच्याकडे आले होते. लोणारचे सरोवर आता अभयारण्य आहे आणि २०२०मध्ये त्याला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, त्यामुळे तिथला खार तिथेच राहतो. खार निवडण्याची, भट्टी रचण्याची, बिब्ब्याच्या खुणा वाचण्याची माहिती मात्र कुठल्याही तंत्रशाळेच्या पुस्तकात नाही. ती ज्यांच्या हातांना ठाऊक आहे अशी माणसे खामगाव, शेगाव, मेहकरच्या परीट घरांत आज वयोवृद्ध झाली आहेत. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी आणि इतिहासप्रेमींनी त्यांच्याकडे जाऊन ती तपशीलवार लिहून घ्यावी, जुन्या इस्त्र्या आणि धुण्याचे दगड भंगारात जाण्याआधी जमवावेत. हे काम येत्या दोन-चार वर्षांतच करावे लागेल.